मिडल लाइनबॅकर कुठे बघतो?

ॲडम सँडलरचा 'द वॉटरबॉय' (१९९८) हा माझ्या रूममेटचा ठरलेला सिनेमा आहे. आठवडा वाईट गेला की शुक्रवारी रात्री तो लागतो. गोष्ट थोडक्यात अशी. बॉबी बूशे हा एकतीस वर्षांचा, अडखळत बोलणारा, आईच्या पदराआडचा मुलगा. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमला पाणी देण्याचं काम करतो, सगळे त्याची टर उडवतात. मग एका कोचच्या लक्षात येतं की, चिडवणाऱ्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणले की हा माणूस रेड्यासारखा धावत जाऊन समोरच्याला आडवा करतो. झालं. बॉबी लाइनबॅकर झाला. पोझिशन शिकायला लागलेला एकूण वेळ: एक राग.

मी हा सिनेमा तिसऱ्यांदा बघत होते तेव्हा मला शार्लटला येऊन वर्ष झालं होतं आणि दोन महिन्यांपासून मी रविवारच्या फ्लॅग फुटबॉल लीगमध्ये खेळत होते. आठ-आठ जणांचा खेळ. कमरेला पट्ट्या लावलेल्या असतात, त्या ओढल्या की समोरचा 'पडला', अंगावर जायचं नाही. मला लाइनबॅकर केलं होतं. कारण सरळ होतं: मला चेंडू झेलता येत नाही, आणि मी फार जोरात पळत नाही. त्या दोन महिन्यांत दर रविवारी घरी आल्यावर माझे पाय ठीक असायचे आणि डोकं भिरभिरत असायचं, म्हणजे दिवसभर दुसऱ्याचा कोड डीबग केल्यावर भिरभिरतं तसं. त्यामुळे बॉबीला बघून मी म्हणाले, "पण हा गार्डकडे बघतच नाहीये."

रूममेट कोल्हापूरची. ती म्हणाली, "अगं सिनेमा आहे तो, बघ की गप."

गप बसले. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. अमेरिकन सिनेमा, टीव्ही आणि व्हिडिओ गेम या तिघांनी मिळून या पोझिशनबद्दल साठ वर्षं एकच खोटं सांगितलंय. आणि ते खोटं वाटतं तेवढं निरागस नाही.

आधी ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचंय. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न थांबलेल्या स्थितीतून सुरू होतो. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला 'स्नॅप' म्हणतात. तिथून चेंडू हातात घेऊन पळता येतं किंवा पुढे फेकता येतो. डिफेन्सची पहिली फळी चेंडूसमोर वाकून उभी असते, शेवटची फळी लांब मागे. लाइनबॅकर या दोघांच्या मध्ये, पहिल्या फळीच्या साधारण चार-पाच यार्ड मागे. चेंडू घेऊन पळाले तर त्याने पुढे यायचं. फेकला तर मागे जायचं. या नोकरीचं वर्णन एका ओळीत बसतं आणि अडचणही त्याच ओळीत आहे: पुढे आणि मागे या दोन विरुद्ध दिशा आहेत, आणि कुठली निवडायची हे समोरचे तुम्हाला कळू देणार नाहीत.

माझ्या पहिल्या सामन्यात तिसऱ्याच खेळीला क्वार्टरबॅकने पळणाऱ्याच्या पोटाशी चेंडू नेला. मी धावत पुढे गेले. चेंडू त्याच्या पोटाशी नव्हताच. मी जिथून निघाले होते बरोबर त्या जागी एक मुलगी निवांत उभी राहिली, चेंडू झेलला आणि चालत गेल्यासारखी गेली. आमचा कॅप्टन शाळेत असताना लाइनबॅकर खेळलेला, आता चाळिशीचा, बँकेत काम करणारा. तो ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "तू कुठे बघत होतीस?"

चेंडूकडे, अर्थात. दुसरं कुठे बघणार?

या पोझिशनचा पहिला धडा हाच की चेंडूकडे बघायचं नाही. चेंडू खोटं बोलतो. क्वार्टरबॅकचे डोळे खोटं बोलतात, पळणाऱ्याचे हात खोटं बोलतात. ती त्यांची कामं आहेत. त्यातल्या त्यात खरं बोलतात ते समोरचे धिप्पाड गार्ड, कारण त्यांना एका सेकंदात शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाला अडवायचं असतं आणि नाटक करायला सवड नसते. गार्डचं हेल्मेट खाली राहून तो पुढे घुसला तर बहुधा धाव आहे. हेल्मेट वर उठलं, पाठ सरळ झाली, तो मागे सरकला तर पास. तो आपली जागा सोडून आडवा निघाला तर त्याच्या मागे जा, तो धाव कुठे आहे ते सांगतोय. क्रिकेटवाल्यांना हे चटकन कळेल: गुगली टप्प्यावर ओळखायला गेलात तर उशीर झालेला असतो, ती मनगटातून सुटताना ओळखायची. फरक एवढाच की इथे मनगटं पाच-सहा आहेत आणि ती सगळी एकदम हलतात.

आणि ही स्नॅपनंतरची गोष्ट झाली. खरा अभ्यास त्याच्या आधीचा. व्यावसायिक पातळीवर, म्हणजे एनएफएलमध्ये, एक खेळी संपली की चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. २००८पासून डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो आणि हेल्मेटवर हिरवा ठिपका. तो बहुतेक वेळा मिडल लाइनबॅकरच. क्वार्टरबॅकला ही सोय १९९४मध्येच मिळाली होती, डिफेन्सला चौदा वर्षं उशिरा. कोच कानात खेळीचं नाव सांगतो. ते नाव म्हणजे एक छोटं वाक्यच असतं: पहिली फळी कशी उभी राहील, कोण घुसेल, मागचे कुठल्या पद्धतीने जागा वाटून घेतील. लाइनबॅकर ते दहा जणांपर्यंत ओरडून, हातवारे करून पोचवतो. घड्याळात पंधरा सेकंद राहिले की रेडिओ बंद होतो. त्यापुढे कोच नाही.

आणि नेमकं त्यापुढेच सगळं बदलतं. समोर कोण मैदानात आलंय? पळणारे किती, टाइट एंड किती? एक आणि एक असेल तर त्याला 'इलेव्हन' म्हणतात, एक आणि दोन असेल तर 'ट्वेल्व्ह', आणि दोन्हींविरुद्ध तीच खेळी चालेलच असं नाही. जास्त माणसं कुठल्या बाजूला उभी आहेत? पळणारा क्वार्टरबॅकच्या कुठल्या हाताला? मग एक रिसीव्हर आडवा पळत दुसऱ्या बाजूला जातो आणि आत्ताच सगळ्यांना सांगितलेली 'जड बाजू' उलटी होते. प्रत्येक बदलासाठी आधी ठरवलेला एक पर्याय असतो, तो पाठ असावा लागतो, आणि वेळेत, चूक न करता, हजारोंच्या आरडाओरड्यात दहा जणांना ऐकू जाईल असा ओरडावा लागतो. एकाने जुना पर्याय खेळला आणि दहांनी नवा, तर दहांनी बरोबर केलेल्याचा काही उपयोग नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको: अर्ध्या सर्व्हरवर नवी आवृत्ती आणि अर्ध्यांवर जुनी.

हे सगळं आलं तरी काम संपत नाही. गेल्या पंधरा-एक वर्षांत ऑफेन्सने काढलेला सगळ्यात दुष्ट शोध म्हणजे आरपीओ, रन-पास ऑप्शन. जुन्या फसव्या पासमध्ये क्वार्टरबॅकला आधीच ठाऊक असायचं की आपण फेकणार आहोत. तो फक्त धावेचं नाटक करायचा. आरपीओमध्ये त्यालाच ठाऊक नसतं. तो चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि एकाच माणसाकडे बघत राहतो: लाइनबॅकरकडे. लाइनबॅकर पुढे आला तर चेंडू काढून घेऊन त्याच्या मोकळ्या जागेत फेकायचा. मागे गेला तर चेंडू पळणाऱ्याकडे सोडायचा. बाकीचे गार्डबिर्ड धावेसाठीच घुसतात, म्हणजे जे एकमेव खरं बोलायचे तेही आता साक्ष द्यायच्या कामाचे राहिले नाहीत. (कॉलेजच्या खेळात हे आणखी सोपं, कारण पास असताना लाइनमनला तिथे तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच.)

यातली क्रूर गंमत बघा. इथे लाइनबॅकरचं उत्तर बरोबर असूच शकत नाही. तो जे उत्तर देईल त्याच्या विरुद्धचा प्रश्न आपोआप विचारला जातो. मी हे पहिल्यांदा कॅप्टनकडून ऐकलं तेव्हा मला वाटलं त्याची काहीतरी समजूत चुकलीये, एवढं अन्याय्य कुठल्या खेळात असेल? तो म्हणाला, "म्हणूनच लवकर उत्तर द्यायचं नाही." अर्धं पाऊल. खांदे पुढे, वजन मागे. क्वार्टरबॅकला जेवढा जास्त वेळ तुझ्याकडे बघावं लागेल तेवढा त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या आपल्या माणसाला पोचायला वेळ. एनएफएलमध्ये चेंडू हातातून अडीच-तीन सेकंदांत सुटतो. त्यातलं अर्धं सेकंद खाल्लं तर ते लाइनबॅकरचं कर्तृत्व. हे कुठल्या आकडेवारीत येतं? कुठल्याच नाही.

यावर लोक पटकन म्हणतात: म्हणजे बुद्धिबळच की. समालोचक म्हणतात, लेख लिहिणारे म्हणतात. मला ही उपमा आळशी वाटते. बुद्धिबळात समोरचा एकदा खेळतो, मग तुम्ही. तुमचा घोडा कधी ऐकू न आल्यामुळे चुकीच्या घरात जात नाही. आणि विचार करताना समोरचा वजीर तुमच्या छातीवर येऊन आदळत नाही. पण बुद्धिबळाच्या मानसशास्त्रातली एक गोष्ट इथे खरंच उपयोगी आहे. १९७३मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवलं की, खऱ्या डावातली पटावरची मांडणी क्षणभर दाखवली तर उस्ताद खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली आठवून मांडतो. पण मोहरे वाटेल तसे ठेवले की त्याची ही करामत जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा मोठी नसते, तो पट तुकड्यांनी वाचतो. आपण अक्षरं वाचतो, तो शब्द वाचतो. मला तीन महिन्यांनी एकदा असं झालं. समोरचे उभे राहिले आणि माझ्या तोंडून 'डावीकडे' असं बाहेर पडलं. का, ते मला सांगता आलं नसतं. नंतर कळलं की त्यांचा पळणारा नेहमीपेक्षा हातभर मागे उभा होता. पुढच्या खेळीला अर्थातच मी पुन्हा फसले.

तर प्रश्न असा आहे की हे सगळं बघणाऱ्याला दिसत का नाही. पहिलं कारण कॅमेरा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, आणि चेंडू खोटं बोलतो हे आपण आत्ताच बघितलं. म्हणजे अख्खा देश दर रविवारी नेमकं तिकडे बघतो जिकडे न बघायला लाइनबॅकर वर्षानुवर्षं शिकतो. २०१०मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने मोजलं होतं की तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो ती मिनिटं साधारण अकरा. उरलेल्या वेळात आपल्याला जाहिराती, रीप्ले आणि कोचचे कपाळाला आठ्या घातलेले चेहरे दिसतात. लाइनबॅकरचं काम त्या उरलेल्या वेळात चालू असतं. सगळे बावीस खेळाडू एका चौकटीत दिसणारं वरच्या कोनातलं चित्रीकरण, ज्याला 'ऑल-२२' म्हणतात, ते टीमकडे कायमच होतं. सामान्य प्रेक्षकाला एनएफएलने ते पैसे भरून बघायला दिलं २०१२मध्ये. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला दुसराच खेळ बघितल्यासारखं वाटलं. कुणीही ओरडत नाही, समालोचन नाही, चेहरे नाहीत. फक्त ठिपके, आणि मधला एक ठिपका जो कुणीच हललेलं नसताना हललाय.

दुसरं कारण जास्त जुनं आहे. ३० ऑक्टोबर १९६० रोजी सीबीएसने अर्ध्या तासाचा माहितीपट दाखवला: 'द व्हायोलंट वर्ल्ड ऑफ सॅम हफ'. हफ हा न्यू यॉर्क जायंट्सचा मिडल लाइनबॅकर. त्याच्या अंगावर मायक्रोफोन लावला होता आणि निवेदन वॉल्टर क्रॉन्काइटचं. आदल्या वर्षी हफ 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला होता. डिफेन्सचा खेळाडू तारा होऊ शकतो हे अमेरिकेला तेव्हा कळलं. आणि तो तारा कशाचा? शीर्षकातच आहे: हिंसेचा. हाडं, धडका, घुसमटलेले आवाज.

पण हफ ज्या रचनेच्या मध्यभागी उभा होता ती उभी केली होती टॉम लँड्री यांनी. लँड्री १९५०च्या दशकात जायंट्सचा डिफेन्स बघायचे आणि त्यांच्याकडे ह्यूस्टन विद्यापीठाची इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधली मास्टर्स पदवी होती. (आमच्या शाखेचं कुणीतरी कुठेतरी भेटलं की बरं वाटतं.) चौघे पुढे, तिघे लाइनबॅकर, ही ४-३ म्हणून ओळखली जाणारी मांडणी घडवण्याचं श्रेय त्यांना देतात. तिचा गाभा हिंसेच्या बरोबर उलटा आहे: चेंडूमागे धावू नका. प्रत्येकाची एक फट ठरलेली आहे, ती धरा, बघा, मग हला. मधला माणूस मोकळा राहावा म्हणून पुढचे चौघे राबतात, आणि तो मोकळा कशासाठी, तर वाचण्यासाठी. म्हणजे मैदानावर एका अभियंत्याने वाचनाची जागा तयार केली आणि टीव्हीने तिथे मायक्रोफोन लावून धडकेचा आवाज रेकॉर्ड केला. 'वॉटरबॉय'चा बॉबी याच माहितीपटाचा नातू आहे.

इथपर्यंत हे फक्त चुकीचं चित्रण वाटेल. तसं ते नाही, कारण त्याच काळात मैदानात मात्र सगळ्यांना पक्कं माहीत होतं की ही डोक्याची जागा आहे. त्याचा पुरावा असा की ती कृष्णवर्णीय खेळाडूंना देत नसत. क्वार्टरबॅक, सेंटर, मिडल लाइनबॅकर: ज्या जागेवरचा माणूस इतरांना सूचना देतो ती गोऱ्यांची. कृष्णवर्णीयांना कडेच्या, पळायच्या जागा. म्हणजे पडद्यावर लाइनबॅकर रेडा, आणि टीम निवडताना तीच जागा 'याला झेपेल का' म्हणून राखीव.

१९६७मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने दुसऱ्या फेरीत दोन लाइनबॅकर निवडले. नोत्र दामचा जिम लिंच, गोरा, कॉलेजमध्ये गाजलेला. आणि मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातला विली लनीअर. मधली जागा एकच. प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांनी ती लनीअरला दिली आणि लिंचला बाजूला खेळवलं. मधल्या जागेवर नाव कमावणारा व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तो. जानेवारी १९७०मध्ये चीफ्सने मिनेसोटाला २३-७ हरवून सुपर बोल जिंकला तेव्हा डिफेन्सच्या मध्यभागी उभा राहून सगळ्यांना कुठे जायचं ते सांगणारा लनीअर होता. अकरा सीझन, २७ इंटरसेप्शन. म्हणजे सत्तावीस वेळा त्याने समोरच्याचा चेंडू जाणार होता तिथे आधी पोचून तो घेतला.

लनीअरचे जुने फोटो बघितलेत तर त्याच्या हेल्मेटवर बाहेरून, मधोमध, एक जाड पट्टा दिसतो. पहिल्याच सीझनमध्ये त्याच्या डोक्याला गंभीर मार लागला होता. त्यानंतर त्याने हेल्मेटवर बाहेरून गादी बसवून घेतली आणि डोकं पुढे घालून धडकणं सोडून हातांनी वेढून पाडायची पद्धत धरली. ज्या माणसाने सिद्ध करून दाखवलं की ही डोक्याची जागा आहे, त्यानेच पहिल्यांदा ते डोकं वाचवायचं मनावर घेतलं. त्या पट्ट्यावर एखादा सिनेमा व्हायला हवा होता. झाला 'वॉटरबॉय'.

गंभीर सिनेमांचंही फार बरं नाही. 'द ब्लाइंड साइड' (२००९) सुरू होतो तो लॉरेन्स टेलर या लाइनबॅकरने १९८५मध्ये क्वार्टरबॅक जो थाइझमनचा पाय मोडला त्या चित्रफितीने. लाइनबॅकर म्हणजे मागून येणारं संकट. आणि त्याला अडवणारा नायक मायकेल ओर कसा दाखवलाय? एवढा भाबडा की घरातला लहान मुलगा त्याला टेबलावरच्या बाटल्या मांडून खेळ समजावतो, आणि दत्तक आई मैदानात उतरून 'टीम म्हणजे तुझं कुटुंब' असं सांगते तेव्हा कुठे त्याला अडवणं जमतं. ओरने २०११मध्ये स्वतःच्या पुस्तकात याबद्दल नाराजी लिहिली: खेळाचा अभ्यास तो लहानपणापासून करत आला होता, त्याला शून्यातून शिकवावं लागलं नव्हतं. सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालं. बुद्धीचं श्रेय आईला, मुलाला फक्त अंगकाठी. सिनेमा भावुक आहे म्हणून आपण हे माफ करतो, पण 'वॉटरबॉय' निदान विनोदी असल्याचं मान्य करतो.

व्हिडिओ गेमवर वेळ घालवत नाही. 'मॅडन'मध्ये लाइनबॅकरच्या या सगळ्या अभ्यासाचा 'प्ले रेकग्निशन' नावाचा एक आकडा आहे. ९९ असेल तर तो ओळखतो.

आता ल्यूक कीक्लीबद्दल. शार्लटमध्ये राहून त्याच्याबद्दल न लिहिणं शक्य नाही. अजून दुकानात रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीवर ५९ नंबर दिसतो. २०१२मध्ये कॅरोलिना पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडलं, दुसऱ्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. २०१५चा सीझन पँथर्स १५-१ असे खेळले आणि सुपर बोलच्या वाटेवरच्या दोन्ही सामन्यांत कीक्लीने समोरच्याचा पास पकडून थेट टचडाउन केला. त्याच्या क्लिप इंटरनेटवर भरपूर फिरतात. स्नॅपच्या आधी तो बोट दाखवून ओरडतोय, आणि दोन सेकंदांनी तेच घडतंय. खाली प्रतिक्रिया: जादूगार, कॉम्प्युटर, भविष्य सांगतो.

मलाही या क्लिप आवडतात, पण त्यांच्यातही तीच खोट आहे, फक्त उलट्या बाजूने. फक्त बरोबर आलेले अंदाज कापून जोडले की कुणीही ज्योतिषी दिसतो. चुकलेले अंदाज कुठे आहेत? ओरडला आणि मग समोरच्यांनी खेळी बदलली, अशा कितीतरी असतील. त्या दाखवल्या असत्या तर कळलं असतं की हे काम सतत, घाईघाईने, अपुऱ्या माहितीवर केलेली दुरुस्ती आहे. 'उपजत समज' या शब्दाचाही मला राग येतो. गोऱ्या कीक्लीला जादूगार म्हणायचं आणि त्याच जागेवरच्या, तेवढंच फिल्म बघणाऱ्या रे लुइसचा मैदानात येतानाचा नाच दाखवायचा: दोन्हींत अभ्यास गायब.

आणि डोकं. २०१५, २०१६, २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं कीक्लीला कन्कशन झालं. नोव्हेंबर २०१६मध्ये त्याला गाडीत बसवून मैदानाबाहेर नेताना तो ढसाढसा रडत होता, ते कॅमेऱ्याने दाखवलं. तो आवरू शकत नव्हता. जानेवारी २०२०मध्ये, आठ सीझननंतर, खेळायची इच्छा अजून आहे असं सांगून तो निवृत्त झाला. वय २८. ज्युनिअर सो हा लाइनबॅकर २०१२मध्ये ४३व्या वर्षी आत्महत्या करून गेला होता, आणि त्याच्या मेंदूत धडकांमुळे होणारा सीटीई हा आजार सापडला होता. सॅम हफ २०२१मध्ये गेले, ८७ वर्षांचे होऊन, डिमेन्शिया असताना. मायकेल ओरचंही करिअर कन्कशननंतरच संपलं. सुपर बोल हरलेल्या त्या पँथर्समध्ये तो आणि कीक्ली एकाच टीममध्ये होते.

यातलं बरंचसं मला माहीत होतं, पण ते लागलं गेल्या सप्टेंबरमध्ये. मी आणि आमच्याच टीमची एक मुलगी, दोघी एकाच चेंडूकडे बघत मागे पळालो आणि कपाळावर कपाळ आपटलं. हो, चेंडूकडे. अंगावर न जायच्या खेळात. डॉक्टरांनी सौम्य कन्कशन सांगितलं, आठवडाभर स्क्रीन बंद. दहाव्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. चाळीस ओळींचं एक फंक्शन तपासायचं होतं, मीच महिन्यापूर्वी लिहिलेलं. तिसऱ्या अटीपर्यंत पोचले की पहिली अट काय होती ते आठवेना. वर जायचे, वाचायचे, खाली यायचे, पुन्हा गेलेलं. दुखत काहीच नव्हतं. शब्द ओळखू येत होते, वाक्य लागत नव्हतं. मी लॅपटॉप बंद करून बाथरूममध्ये जाऊन बसले. आईला फोनवर सांगितलं की सर्दी झालीये.

तीन आठवड्यांत सगळं परत आलं. त्या तीन आठवड्यांत मी कीक्लीच्या क्लिप एकदाही बघितल्या नाहीत. मी तेव्हा २८ वर्षांची होते आणि मला पुन्हा पुन्हा वाटत होतं की त्याने ते नक्की कुठल्या क्षणी ठरवलं असेल. मार लागला तेव्हा, की नंतर कधीतरी फिल्म बघताना, एखादी मांडणी ओळखायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला तेव्हा?

कीक्ली आता पँथर्सच्या काही सामन्यांचं रेडिओवर समालोचन करतो. मला ते आधी माहीत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी गाडीत सहज रेडिओ लावला तर त्याचा आवाज. रेडिओला चेंडू दाखवायचा नसतो, त्यामुळे स्नॅपच्या आधी कोण कुठे उभं आहे ते सांगायला वेळ मिळतो. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून मी ऐकत राहिले. रूममेटचा मेसेज आला, पोहे संपलेत, येताना आण. मी डोळे मिटून माणसं उभी करत होते: दोन डावीकडे, टाइट एंड उजवीकडे, पळणारा क्वार्टरबॅकच्या डाव्या हाताला. मग एक जण आडवा पळाला आणि माझी डावी-उजवी उलटी झाली. मी स्टेअरिंगवर हात ठेवून 'मागे, मागे' म्हटलं. धाव निघाली, सहा यार्ड.